स्लूफुल्प

परवा दुपारी जेवून जरा आडवा होतोय तोच एका मित्राने फोनवर स्वरलिपीचं पान पाठवलं. पाश्चात्त्य स्वरलिपी मला वाचता येत नाही. आमची धाव पेटीच्या क्लासातल्या वहीपर्यंत. तिथे सुराच्या डोक्यावर टिंब म्हणजे वरचं सप्तक. एकदा शाईचा थेंब 'सा'च्या डोक्यावर पडला आणि मी इमानदारीत तार सप्तकात ओरडलो होतो.

पण या पानावर पाश्चात्त्य स्वरलिपीतल्या नेहमीच्या पाच रेघाच नव्हत्या! वर सेकंद मांडलेले आणि खाली लांबच लांब आडव्या रेघा, एकीखाली एक, जिना उतरल्यासारख्या. एक आवाज लागतो, तो धरून ठेवतो, मग दुसरा थोडा खालून. हे मलाही वाचता येत होतं. आर. मरे शेफर या कॅनडाच्या संगीतकाराची ही १९६८ सालची वृंदगानाची रचना. नाव 'एपिटाफ फॉर मूनलाइट', म्हणजे चांदण्याच्या थडग्यावरचा लेख.

यातले शब्द कुठल्याच भाषेतले नाहीत. सातवीच्या मुलांना सांगितलं होतं, चांदण्याला तुमचा स्वतःचा शब्द करा. मुलांनी केले. नू-यू-यूल. मालूमा. शिव्हरग्लोवा. एकाने स्लूफुल्प. हे ऐकून मला चांदणं नाही, कुणीतरी गरम आमटी भुरकतंय असं वाटलं. पण सातवीतल्या पोराशी वाद कोण घालणार?

पुढच्याच वर्षी माणूस चंद्रावर जाऊन आला. नंतर शेफरच म्हणाला, आता विचारलं तर मुलांना इतक्या सहज शब्द सुचायचे नाहीत.

कोजागरीला आजी गच्चीत चांदण्यात सुईत दोरा ओवायची. दूध आटेपर्यंत तिचा हा उद्योग चाले. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करायचं, सुई चंद्रासमोर धरायची, एक डोळा मिटायचा. ओवला गेला की म्हणायची, "पिठूर पडलंय हो आज." मला लगेच आमचे गिरणीवाले काका दिसायचे. भुवया पांढऱ्या, कानाच्या पाळ्या पांढऱ्या, चालू पट्ट्यावरून हात काढून सुटे पैसे मोजणारे. आकाशातही असाच कुणी डबा भरून देत असणार, याबद्दल मला शंका नव्हती.

संध्याकाळी भाची आली. तीही सातवीतच. म्हटलं, चांदण्याला एक नवा शब्द सांग. फोनवरून मान न उचलता म्हणाली, "चांदणंच की."

"आम्ही पिठूर म्हणायचो."

"पीठ कशाला, मामा?"

सांगायला गेलो आणि लक्षात आलं, तिने गिरणी बघितलेलीच नाही. पीठ पिशवीतून येतं.

रात्री गॅलरीत फरशीवर उजेड पडला होता. चंद्राचा की समोरच्या सोसायटीच्या दिव्याचा, कळेना. हात आडवा धरून बघितलं. सावल्या दोन पडल्या.