पाविया, धुके आणि चाळीस भालाईत

रंगवून पूर्ण झालेले चाळीस लांड्सक्नेख्त, म्हणजे जुन्या जर्मन भाडोत्री शिपायांच्या इवल्या मूर्ती, एका रात्रीत पांढरेफटक पडले, तो दिवस २० फेब्रुवारी २०२५चा. तारीख पक्की लक्षात आहे, कारण ज्या लढाईसाठी ते रंगवले होते तिला चारच दिवसांनी पाचशे वर्षे पूर्ण होणार होती आणि रविवारी ती लढाई एका मोठ्या टेबलावर पुन्हा खेळली जाणार होती.

मी नॉटिंगहॅममध्ये राहते आणि मोबदला घेऊन इतरांसाठी युद्धखेळातल्या मूर्ती रंगवून देते. या छंदाचे अनेक मूर्तिकार आणि उत्पादक या शहरात व आसपास आहेत, त्यामुळे कामाची वानवा नसते. हे काम एका निवृत्त इतिहासशिक्षकांचे होते. लांड्सक्नेख्त म्हणजे सम्राट मॅक्सिमिलियनने पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्विस भालाइतांच्या धर्तीवर उभे केलेले जर्मन भाडोत्री पायदळ. २४ फेब्रुवारी १५२५ रोजी उत्तर इटलीतील पावियाजवळ गेओर्ग फॉन फ्रुंड्सबेर्गच्या हाताखाली ते सम्राट पाचव्या चार्ल्सच्या बाजूने लढले आणि फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस त्या सकाळी कैद झाला. समोर फ्रेंचांच्या पगारावर लढणारी ‘काळी पलटण’ही जर्मनच होती, आणि तिची कत्तल या जातभाईंनीच केली.

यांना गणवेश नव्हता. साध्या शिपायाला महिना ४ गुल्डन मिळत, पुढच्या रांगेत उभे राहण्याची जोखीम पत्करणाऱ्याला त्याच्या दुप्पट, आणि कपडे ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे व हौसेप्रमाणे करावयाचे. म्हणून एका पायाची तुमान पिवळी तर दुसऱ्याची लाल-पांढऱ्या पट्ट्यांची, बाह्या फुगवून जागोजागी चिरलेल्या, त्या चिरांतून आतले वेगळ्याच रंगाचे अस्तर बाहेर डोकावणारे, आणि या सगळ्यावर ताटाएवढ्या टोपीत शहामृगाची पिसे. रंगवणाऱ्याला हा खजिना वाटतो, पण तो सापळा आहे. प्रत्येक मूर्ती स्वतंत्रपणे देखणी रंगवली आणि चाळीस शेजारी शेजारी उभ्या केल्या, की तीन फुटांवरून पलटण दिसत नाही, सांडलेली भेळ दिसते. पूर्वी एकदा हा अनुभव घेतल्यामुळे या वेळी मी त्या काळच्या रंगाऱ्याच्या हाती सहज असलेल्या रंगांवरच राहायचे ठरवले: आपल्या मंजिष्ठेच्या कुळातल्या मॅडरचा विटकरी लाल, वोडच्या पानांतून निघणारा (रंगद्रव्य आपल्या निळीचेच) निळा, वेल्ड या वनस्पतीचा पिवळा, त्या निळ्यावर पिवळा चढवून मिळणारा हिरवा, आणि न रंगवलेल्या लिननचा मळकट पांढरा. जांभळा एकट्या निशाणवाल्याला दिला. पिवळा मात्र प्रत्येकाच्या अंगावर कुठे ना कुठे ठेवला, अगदी मोज्याच्या बंदापुरता का होईना, आणि त्या एका धाग्याने पलटण बांधली गेली.

मूर्तीची उंची २८ मिलिमीटर, बाहीवरची एक चीर अर्ध्या मिलिमीटरहून अरुंद. मी आधी संपूर्ण बाही अस्तराच्या रंगाने भरते, पातळ गडद शाई खोबणीत उतरू देते आणि मग वरच्या कापडाच्या पट्ट्या एकेक करून ओढते. उलट क्रमाने केले तर चीर नीट भरता भरत नाही. एका मूर्तीला साधारण पाच तास लागले. खरा भाला सुमारे पाच मीटरचा, म्हणून इथे नऊ सेंटिमीटरची पोलादी तार. ती रोज बोटात घुसते, हे जाता जाता सांगून ठेवते.

बुधवारी रात्री मागच्या शेडमध्ये मी सगळ्यांवर मॅट व्हार्निशचा फवारा मारला. बाहेर थंडी आणि दमट हवा होती. अशा हवेत फवारू नये हे मी नवशिक्यांना स्वतः सांगत आले आहे, पण घाई होती आणि दोनशे तासांच्या कामानंतर आपल्याला काही होणार नाही असे वाटू लागते. फवाऱ्यातला द्रावक झपाट्याने उडून जाताना पृष्ठभाग आणखी गार करतो, हवेतली वाफ त्यावर दवासारखी धरते आणि ओल्या थरात अडकते. थर वाळला की आत सूक्ष्म पोकळ्या राहतात, त्यांवर प्रकाश विखुरतो आणि खालचा रंग धुरकट पांढऱ्याआड जातो. गुरुवारी सकाळी दिवा लावला तेव्हा लाल, निळे, पिवळे काहीच नव्हते. पिठाच्या गिरणीत उभे राहून आलेली चाळीस माणसे होती.

रडण्यात अर्धा तास गेला. मग ढोलवाल्याला उचलले, कारण तो बिघडला तर दुसरा मिळणे सोपे होते, आणि त्याच्या पाठीवर मऊ कुंचल्याने चकचकीत व्हार्निश लावले. पोकळ्या भरल्या गेल्या की प्रकाश पुन्हा सरळ आत जातो, एवढाच त्यामागचा विचार. लावता लावता विटकरी लाल वर आला. ओल्या दगडाचा रंग जसा गडद होऊन खुलतो, तसा. दुपारी चारपर्यंत अडतीस जण परत आले. त्यांची चकाकी दुसऱ्या दिवशी घरातल्या उबेत कुंचल्यानेच मॅट थर देऊन मारली. पहिल्या रांगेतल्या दोघांवर मात्र मी फार जवळून फवारले होते. तिथे थर जाड बसून चिरा बुजल्या होत्या, आणि त्यांचे काही होईना.

गिऱ्हाइकाला फोन करून खरे ते सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “सदरे घाला त्यांना.”

ते काय म्हणत आहेत हे मला लगेच कळले. लढाईच्या आदल्या रात्री चार्ल्सच्या सैन्याने मिराबेल्लोच्या शिकारबागेची भिंत फोडली, आणि अंधारात आपला माणूस ओळखू यावा म्हणून सर्वांना अंगावर पांढरे सदरे चढवण्याचा हुकूम होता. सदरा नसेल त्याने कागद लावावा. पहाट उजाडली तीही धुक्यात. हे आम्हा दोघांनाही पहिल्या भेटीपासून माहीत होते आणि दोघांनीही सोयिस्करपणे विषय काढला नव्हता, कारण लांड्सक्नेख्त रंगवून घ्यायचे आणि वर पांढरे सदरे चढवायचे, असला अव्यापारेषु व्यापार कोण करील?

शुक्रवारी रात्री मी त्या दोघांना सदरे घातले. बुजलेल्या चिरा आता सुरकुत्यांखाली लपल्या. पांढरा कधी थेट पांढऱ्याने रंगवत नाहीत. उबदार करडा खाली, त्यावर हस्तिदंती, आणि शुद्ध पांढरा केवळ खांद्याच्या व घडीच्या कडांवर. कोपरापाशी सात पातळ थरांनंतर एकदाचे कापड दिसू लागले. मनगटापाशी मॅडरचा लाल आणि गुडघ्याखाली पिवळा बंद तेवढा उघडा ठेवला. एकेका सदऱ्याला चार तास लागले, म्हणजे अख्खा रंगीबेरंगी गडी उभा करायला लागत होते जवळजवळ तितकेच.

शनिवारी ते स्वतः न्यायला आले. फोमच्या खाचांतून त्यांनी आधी ते दोघेच बाहेर काढले, चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांजवळ धरले आणि उरलेल्या अडतीस सदऱ्यांचे किती पैसे होतील ते विचारले.