धडगाव-अक्कलकुव्यात पोषण सर्वेक्षणासाठी माणसं निवडताना: माझा अनुभव

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांत घरोघरी जाऊन पाच वर्षांखालच्या मुलांचं पोषण सर्वेक्षण करायचं होतं. त्यासाठी सर्वेक्षक निवडायचं काम माझ्याकडे होतं. प्रश्नावली तयार होती, नैतिकता समितीची मंजुरी आली होती, गावांची यादी निघाली होती. नमुना कसा काढायचा, टॅबमध्ये कोणतं सॉफ्टवेअर टाकायचं यावर आमच्याकडे बैठकांवर बैठका झाल्या. भरतीचा विषय निघाला की मात्र 'तेवढं आठवडाभरात उरकून टाका' एवढंच वाक्य यायचं. हे मला कधीच पटलेलं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के मुलं खुजी, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी असलेली, निघाली. असा प्रत्येक आकडा कुणीतरी एखाद्या रडणाऱ्या मुलाचं डोकं फळीला नीट टेकवून घेतलेल्या मापातून उभा राहतो. माप घेणारी व्यक्ती कच्ची असेल तर पुढचं गणित कितीही शुद्ध असून उपयोग नाही.

पहिला प्रश्न वेळेचा होता. दिवाळीनंतर सातपुड्यातली अनेक कुटुंबं ऊसतोडीला आणि गुजरातेत मजुरीला जातात, ती होळीच्या सुमारास परततात. सर्वेक्षण त्याआधी केलं तर ज्यांची मुलं सर्वांत जास्त धोक्यात, तीच घरं बंद सापडणार. म्हणून काम होळीनंतर ठेवलं. मुलाखतींच्या तारखा मुख्य कार्यालयाने होळीच्या आधीच्या आठवड्यात धरल्या होत्या. त्या दिवसांत भोंगऱ्या, म्हणजे आदिवासींचे होळीआधीचे उत्सवी बाजार, असतात आणि ते सोडून पावरा समाजाची मुलं मुलाखतीला येतील ही अपेक्षाच चुकीची. काठी गावची होळी आटोपल्यावरची तारीख घेतली आणि माणसं खरंच आली.

जाहिरातीच्या मसुद्यात 'एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी), दोन वर्षांचा अनुभव' अशी अट होती. ती मी बदलून घेतली. बारावी पास, गावाची बोली घरात बोलली जाणारी आणि डोंगरात पायी चालायची तयारी, एवढंच ठेवलं. धडगावकडे पावरी, अक्कलकुव्याकडे भिलोरी-देहवाली. मराठी समजणाऱ्या आया आहेत, पण लेकराच्या खाण्याबद्दल, आजारपणाबद्दल त्या मोकळेपणाने बोलतात ते आपल्याच बोलीत. जाहिरात वर्तमानपत्रात दिली नाही. आठवडी बाजारात, ग्रामपंचायतीच्या फलकावर, आश्रमशाळांत आणि गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर लावली. डी.एड. करून वर्षानुवर्षं भरतीची वाट बघणारी मुलं, नर्सिंग झालेल्या मुली, बी.ए.चे विद्यार्थी, सगळ्यांचे अर्ज आले. मुलाखतीला आलेल्या प्रत्येकाला, निवड होवो न होवो, जाण्यायेण्याचं भाडं हातात दिलं. दूरच्या पाड्यांवरून धडगावला यायचं म्हणजे त्या घरची एक दिवसाची मजुरी जाते, ती आपण फुकट मागू नये.

वशिलाही आला. अमक्याचा पुतण्या, तमक्याची सून. त्यांना सांगितलं की सगळ्यांनी तीच चाचणी द्यायची. अंगणवाडी सेविकांचा प्रश्न जास्त नाजूक होता. गावातली घरं आणि मुलं त्यांच्याइतकी कुणालाच माहीत नसतात आणि काहीजणींना या कामाची मनापासून इच्छा होती. पण ज्या मुलांची वजनं त्या स्वतः दर महिन्याला पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपवर भरतात, त्यांचीच मापं त्यांच्याकडून घेणं त्यांच्यावर अन्याय करणारं होतं. कुपोषित मुलं जास्त निघाली तर बोल त्यांनाच लागणार. म्हणून त्यांना सर्वेक्षक केलं नाही. घरं दाखवणं आणि आयांशी ओळख करून देणं यासाठी त्यांना मानधन दिलं. त्यांच्या घरच्या मुलींना घेतलं, पण दुसऱ्या गावांसाठी.

मुलाखत अशी फारशी घेतलीच नाही. एक आई आपलं दीड वर्षाचं बाळ मांडीवर घेऊन बसायची आणि उमेदवाराने तिला विचारायचं, काल दिवसभरात बाळाने काय खाल्लं. शेजारी माझी पावरी बोलणारी सहकारी बसायची. चांगला शिकलेला, चुणचुणीत एक मुलगा आला आणि त्याने विचारलं, "काल दूध दिलं का? अंडं दिलं का? फळं?" ती माउली प्रत्येकाला होकारार्थी मान हलवत गेली. कागदावर बाळाचा आहार उत्तम झाला. त्यानंतर तोरणमाळकडची एक मुलगी बसली. तिने खाण्याचं नावच काढलं नाही. सकाळी किती वाजता उठलात, पाणी आणायला कोण गेलं, तेव्हा बाळ कुणाकडे होतं, आजीकडे होतं तर आजीने त्याला काही भरवलं का, असं करत ती दिवसातून चालत गेली. त्यातून निघालं ते असं: सकाळी अंगावरचं दूध, मग भाकरीचा तुकडा उडदाच्या डाळीच्या पाण्यात, दुपारी दुकानातला पाच रुपयांचा चिप्सचा पुडा, संध्याकाळी पुन्हा भाकरी. सहा ते तेवीस महिन्यांच्या बाळाला आठ अन्नगटांपैकी निदान पाच गटांतलं मिळावं हा निकष आहे. ते बाळ त्यात बसत नव्हतं. त्या मुलीचं मराठी अडखळत होतं, अर्जात शुद्धलेखनाच्या चुका होत्या. तिची निवड त्याच क्षणी झाली.

मुलाचं वय काढायची परीक्षाही अशीच. माता-बाल संरक्षण कार्ड असेल तर प्रश्न मिटतो, पण ऊसाच्या फडावर जन्मलेल्या मुलाचं कार्ड सापडेलच असं नाही. दोन वर्षांच्या आसपास मूल महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतं, म्हणजे वय दोन महिने चुकलं तर उंचीच्या हिशेबात दोन सेंटिमीटरचा घोळ. उमेदवारांना गटात बसवून गेल्या पाच वर्षांचं स्थानिक कॅलेंडर बनवायला लावलं. भोंगऱ्या, होळी, मोह पडायचे दिवस, आखाजी, पहिला पाऊस, पोळा, सारंगखेड्याची यात्रा, टोळी ऊसाला निघाली तो आठवडा. कोण गावात मुरलेलं आहे आणि कोण नुसतं गावच्या नावाचं आहे, हे त्या तासाभरात कळलं.

शेवटची चाळणी मोजमापाची, म्हणजे प्रमाणीकरण चाचणी. एका अंगणवाडीत, आयांची परवानगी घेऊन, दहा मुलं आणि प्रत्येक जोडीने प्रत्येक मूल दोनदा मोजायचं, पहिलं माप न बघता. दोन वर्षांखालचं मूल आडवं झोपवून, त्यावरचं उभं करून. आडवी लांबी उभ्या उंचीपेक्षा सुमारे ०.७ सेंटिमीटर जास्त भरते, म्हणून पद्धत बदलली तर आकडा बदलतो. एकाने डोकं दोन्ही तळव्यांत धरून फळीला टेकवायचं, नजर सरळ वर. दुसऱ्याने गुडघे हलके दाबून तळपायाला सरकती फळी लावायची आणि आकडा मोठ्याने वाचायचा. डोक्यावर बुचडा असेल तर सोडायचा, पायातले वाळे काढायचे, काढू देत नसतील तर तशी नोंद करायची. दंडाचा घेर डाव्या दंडाच्या मधोमध, पट्टी ना सैल ना आवळलेली. ११.५ सेंटिमीटरच्या खाली तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ मध्यम, या पट्टीवर दोन मिलिमीटरची ढिलाई म्हणजे एखादं मूल उपचाराच्या यादीतून गळणं. मला त्या दिवशी आकडे पाहायचे होतेच, पण त्याहून हे पाहायचं होतं की मूल किंचाळायला लागलं की माणूस काय करतो. काहींनी घाई करून ८२ लिहून मोकळं केलं. काहींनी मुलाला आईच्या कुशीत परत दिलं, थोडा वेळ थांबले, पट्टी आधी त्याच्या हातात खेळायला दिली आणि मग ८१.६ लिहिलं. शून्य आणि पाचवर संपणारे आकडे (माप अंदाजाने गोल केल्याची ही खूण) ज्यांच्या कागदावर फार होते, त्यांना पुन्हा शिकवलं. दुसऱ्यांदाही तेच झालं त्यांना मोजमापावर न ठेवता नोंदणीवर घेतलं किंवा थांबवलं.

पैशाबाबत माझं लेखा विभागाशी वाजलं. त्यांना दर फॉर्ममागे रक्कम हवी होती, हिशेब सोपा म्हणून. मी ठाम नकार दिला. फॉर्मवर पैसे मिळत असतील तर डोंगरापलीकडच्या पाड्यावरचं कुलूप लावलेलं घर कुणालाच परवडत नाही आणि मग तो फॉर्म झाडाखाली बसून भरला जातो. यात त्या मुलाला दोष देऊन चालत नाही. आपण त्याला त्या वाटेला लावलेलं असतं. रोजाने पैसे, पेट्रोल आणि जेवण वेगळं, बंद घराला दुसरी फेरी मारली तरी तोच रोज. शिवाय पर्यवेक्षक काही घरं अचानक पुन्हा मोजणार हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून ठेवलं.

मुलींच्या घरच्यांशी बोलायला आम्ही स्वतः गेलो. प्रत्येक जोडीत एक तरी मुलगी, रात्रीचा मुक्काम आश्रमशाळेत किंवा आरोग्य उपकेंद्रात, सगळ्यांचा अपघात विमा. नर्मदेकाठच्या पाड्यांना होडीनेच जावं लागतं. लाईफ जॅकेटशिवाय चढायचं नाही हे नेमणूकपत्रातच लिहिलं. तीव्र कुपोषित मूल सापडलं तर नुसती नोंद करून पुढे जायचं नाही, चिठ्ठी देऊन त्याच दिवशी आशाताई आणि सेविकेला कळवायचं, हेही त्याच पत्रात.

राखीव यादी लांब ठेवली होती ती कामी आली. मध्येच कुणाचं पोलिस भरतीचं बोलावणं आलं, कुणाचं लग्न ठरलं. राखीव उमेदवारांना आधीच सगळं प्रशिक्षण दिलेलं असल्याने काम अडलं नाही. शेवटी प्रत्येकाला अनुभवाचं प्रमाणपत्र दिलं. त्यात नुसतं 'सर्वेक्षक म्हणून काम केले' असं न लिहिता कोणती मापं घेतली, प्रमाणीकरण चाचणी पार केली, कोणत्या बोलीत मुलाखती घेतल्या, हे स्पष्ट नमूद केलं. तोरणमाळकडच्या त्या मुलीने ते वाचून पहिला प्रश्न विचारला, पुढचं सर्वेक्षण कधी आहे, आणि तोपर्यंत मोजायची फळी तिच्या गावच्या अंगणवाडीला मिळेल का. फळी द्यायची मंजुरी मी मुख्य कार्यालयाकडून मागवली आहे.