एक दिवसाचं येणं

"मजूर लावले तर काम होतंच की! मग दर जुलैत रजा टाकून भातलावणीच्या चिखलात कशाला जाता?" ऑफिसात हा प्रश्न ठरलेला. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

पवन मावळात आमची तीन खाचरं. भात इंद्रायणी. (१९८७ मध्ये वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलेला वाण, म्हणजे अगदी शेजारचाच.) रोप २१ ते २५ दिवसांचं झालं की लावून मोकळं व्हायचं, पुढं जितका उशीर तितके फुटवे कमी. पण पाऊस लागला की अख्ख्या गावाची खाचरं एकदमच चिखलणीला येतात. घरची चार माणसं कुठंकुठं पुरणार? म्हणून सावड. आज दहाजण तुमच्यात, उद्या तेच आमच्यात. मजुरी नाही, जेवण त्या घरचं. हिशेब तोंडी, पण पक्का.

याला गावाचा जिव्हाळा वगैरे म्हणतात, ते मला फारसं पटत नाही. माझे वडील आणि त्यांचे चुलतभाऊ तात्या, हातभर बांधावरून अकरा वर्षं बोलत नव्हते. लग्नाच्या पंगतीत पाठ करून बसायचे. पण तात्यांचं खाचर आमच्या वरच्या अंगाला. त्यांनी बांध फोडून पाणी सोडल्याशिवाय आमच्यात चिखल होत नाही, आणि आमची माणसं गेल्याशिवाय त्यांची लावणी उरकत नाही. मग वडील रोपांच्या मुठी फेकायला, तात्या लावायला. वडील तिकडं बघायचेसुद्धा नाहीत, पण मूठ बरोबर तात्यांच्या हाताशी पडायची. दुपारी काकू विचारायची, "भावजी, भाकरी?" वडील ताटावर हात आडवा धरायचे. ती वाढायचीच.

वडील गेले त्या वर्षी मी मजूर लावले. काम चांगलं झालं, संध्याकाळी रोख दिले, विषय मिटला. दुसऱ्या दिवशी तात्या बांधावर येऊन उभे. डोक्यावर खताची फाडलेली गोणी, तिच्या टोकातून पाणी गळतंय.

"तुझ्या बापाकडं आमचा एक दिस ऱ्हायलाय. त्यो कोन फेडनार?"

गेलो. संध्याकाळी कंबर सरळ होईना. वडिलांचा दिवस फिटला म्हणून पाय धुवत होतो, तर तात्यांचा मुलगा म्हणाला, "पुढच्या वर्षी मजूर सांगू नको. आम्ही येतोय तुझ्यात."

आले. झालं, पुन्हा एक दिवस अंगावर.

परवा वहिनीचा फोन होता. रोप वीतभर झालंय, रजेचं बघा म्हणाली.