ऑर्डरी आहेत तर सीसी कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नात, वास्तुशांतीला, परवा दवाखान्याच्या रांगेत सुद्धा तेच. "ऑर्डरी फुल्ल आहेत म्हणतोस, मग बँकेचे ४० लाख डोक्यावर कशाला?" सीसी म्हणजे कॅश क्रेडिट, माल आणि येणं असलेल्या बिलांवर बँकेने दिलेली उचल. एकदाच लिहितो.

शिरोली एमआयडीसीत माझं कास्टिंग मशीनिंगचं शॉप आहे, म्हणजे फाउंड्रीतून ओतून आलेले भाग आम्ही मशीनवर कापून मापात आणतो. माल आज गेला की पैसे तीन महिन्यांनी, पण पगार ७ तारखेला आणि फाउंड्रीवाला महिन्याच्या आत मागतो, म्हणजे ऑर्डर वाढली की आधी माझाच खिसा रिकामा होतो. बँक माझ्या स्टॉकमधून देणी वजा करून ७५ टक्के धरते, ९० दिवसांच्या आतल्या बिलांचे ६० टक्के. ती बेरीज म्हणजे डीपी (ड्रॉइंग पॉवर), तेवढंच उचलायचं, व्याज उचललं तेवढ्यावर. "घर गहाण टाक, एकदाच मोठं कर्ज काढ" म्हणणाऱ्यांनो, घराची किंमत माझ्या ऑर्डरीबरोबर वाढत नाही, येणी वाढतात. घर दिलेलं नाही, सीजीटीएमएसई या लहान उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या सरकारी ट्रस्टच्या गॅरंटीवर झालं, त्याची फी भरतो.

आता २०१९. गाड्यांचा बाजार बसला, आमच्या मोठ्या पार्टीने पैसे थांबवले आणि १४ लाखांची बिलं ९० दिवसांच्या पुढे गेली. दिवाळी तोंडावर. तेव्हाच बँकेचे साहेब स्टॉक बघायला आले. शेडच्या मागे ब्लो होल (ओतताना हवा अडकून पडलेली भोकं) असलेली रिजेक्ट कास्टिंग रचलेली होती, ती मी वर्षभर तयार माल म्हणून स्टेटमेंटमध्ये ९ लाखांची दाखवत होतो. हो, दाखवत होतो. सगळेच दाखवतात असं तेव्हा म्हणायचो, आजही अर्धं तसंच वाटतं. साहेब काही बोलले नाहीत, एक पीस उचलून भोकात बोट घातलं आणि वहीत लिहिलं. मी चहा सांगितला तोही घेतला नाही. डीपी ४० वरून २५ वर, मी उचललेले ३८. खात्यात येईल तो रुपया आतच जिरायला लागला, आणि ९० दिवस तसंच राहिलं असतं तर खातं एनपीए, म्हणजे थकीत. ११ पोरांचा बोनस बाकी होता. बायकोने पाटल्या काढून माझ्यासमोर ठेवल्या, एक शब्द नाही. गोल्ड लोन काढून पगार केले, बोनस अर्धाच दिला. दोघंजण दिवाळीनंतर परत आलेच नाहीत, त्यातला एक माझा व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) चालवणारा सगळ्यात चांगला माणूस.

तेव्हा मी बँकेला शिव्या घातल्या, पाऊस आला की छत्री काढून घेतात म्हणून. आज वाटतं, नसलेल्या मालावर पैसे मागत होतो मीच. पण १४ लाख तर खरे होते ना! माल गेला होता, सही होती. ते बँकेने डीपीतून का उडवले? यावर माझं मन अजून शांत नाही.

लहान उद्योगांना ४५ दिवसांत पैसे द्यायचा कायदा २००६ पासून आहे, उशिराला रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याजही आहे. लावलं नाही. तक्रार केली की पुढची ऑर्डर शेजारच्या गाळ्यात जाते, हे इथल्या कुणालाही विचारा. ट्रेड्सवर, म्हणजे बिलांवर आधी पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन बाजारावर, बिल टाकलं की फायनान्सर दोनतीन दिवसांत पैसे देतो आणि पार्टीने बुडवलं तरी माझ्या मागे येत नाही, पण आधी पार्टीने बिल मान्य करावं लागतं. माझी एकच पार्टी करते. बाकीचे म्हणतात बघू.

तरीही सीसी नसतं तर मी आजही दोन लेथवरच असतो, आता सहा मशीन आहेत.

या महिन्याचं स्टेटमेंट १० तारखेला द्यायचंय. रिजेक्ट माल वेगळा लिहिलाय. त्याच मोठ्या पार्टीचं एक बिल आज ८४ दिवसांवर आहे, सकाळपासून तीनदा फोन केला.