तुम्ही विचारलंत म्हणून: आप्पांना घोड्याच्या रक्तातलं औषध का दिलं?

"आप्पा माळकरी. मग घोड्याच्या रक्ताचं इंजेक्शन कसं दिलंस?" जत्रेत, बाराव्याच्या पंगतीत, एसटीची वाट बघताना, सगळीकडे विचारून झालंय. आज एकदाच सांगतो.

ते निव्वळ रक्त नव्हे, सापाच्या विषावरचं औषध आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांचं विष घोड्याला अगदी थोडं थोडं, वाढवत टोचतात. त्याच्या रक्तात विषाला अडवणारी प्रतिद्रव्यं तयार होतात. रक्तद्रवातून ती वेगळी काढून, शुद्ध करून, सुकवून पावडर करतात. घोडा त्यासाठी मारत नाहीत. हे वाक्य इतक्यांदा बोललोय की आता मलाच ती पळवाट वाटते. विष टोचून घेणाऱ्या घोड्याला ते सुखाचं नसतंच.

देवगडकडे आमची कलमं आहेत. पातेरा गोळा करताना आप्पांच्या बोटाला फुरसं चावलं. मी गाडी काढली नाही. वाडीतल्या जाणत्याकडे नेऊन पाला बांधला. दोन तास त्यात गेले, आणि ते माझ्यामुळे गेले. हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा दवाखान्याकडे पळालो.

डॉक्टरांनी काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं तसंच ठेवलं. मग नळी आडवी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं. फुरशाच्या विषानं रक्त गोठायचंच थांबतं. या औषधाच्या १० व्हायल, म्हणजे छोट्या बाटल्या, लागतील म्हणाले. आप्पा पूर्ण शुद्धीवर होते. बाटलीकडे बघून म्हणाले, "ह्यां कसलां औषध रे?"

"पावडर आसा, आप्पानू."

थोड्या वेळात औषधाचीच रिअ‍ॅक्शन आली. अंगावर गांधी उठल्या, हुडहुडी भरली. ठिबक थांबवून अ‍ॅड्रेनलिन दिलं, मग पुन्हा सुरू केलं. त्यांचा हात धरून बसलो होतो आणि मनात एकच, मी खोटं बोललो. सहा तासांनी पुन्हा नळीत घेतलेलं रक्त गोठलं.

कॉलेजात असताना कॅप्सूलचं जिलेटिन जनावराचं म्हणून मी ती फोडून आतली पूड पाण्यातून घ्यायचो. तेव्हाचा मी म्हणेल, माळ आप्पांची, तर विचारायचं त्यांनाच. त्याचं चुकतं असं मला म्हणता येत नाही. पण त्यानं ती वाहणारी नळी बघितलेली नव्हती.

पुढे शेजाऱ्यांकडून आप्पांना कळलंच. माळ उतरवली नाही, आरडाओरडा नाही. एवढंच म्हणाले, "माका इचारूक व्हया होतां."

ते नको म्हणाले असते, तरी मी सुई लावायला लावली असती. हे अजून त्यांना सांगितलेलं नाही.