आज गोवंडीत

आज दिवसभर गोवंडीत होते. आमच्या फर्मचं मोफत कायदा सल्ल्याचं शिबिर होतं. एरवी आम्ही विसाव्या मजल्यावर कंपन्यांचे करार वाचतो आणि तासाच्या हिशोबानं बिल लावतो.

पहिल्याच ताई म्हणाल्या, "नवरा घराबाहेर काढतोय. वकिलाला द्यायला पैसे नाहीत."

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १७ नुसार त्यांना त्या घरात राहण्याचा हक्क आहे, घर कुणाच्याही नावावर असो. आणि विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ खाली स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, कोठडीतले लोक यांनाही तो मिळतो. ताईंनी दोनदा विचारलं, "खरंच फुकट?"

हे सगळं त्यांना समजेल असं सांगितलं ते आमच्या बीडच्या सहकाऱ्यानं. ऑफिसात मीटिंगमध्ये हा गप्प असतो, कारण तिथं सफाईदार इंग्रजी म्हणजेच हुशारी असं आम्ही धरून चाललोय. आज नामवंत लॉ स्कूलची मंडळी त्याच्याभोवती उभी राहून शब्द विचारत होती. चार वर्षं मी त्याच्या शेजारी बसते, पण त्याचं मत कधी विचारलं नाही. याचं मनापासून वाईट वाटलं.

ताईंचा अर्ज भरून झालाय. सोमवारी हा सहकारी त्यांच्यासोबत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाणार आहे. मीही रजा टाकलीय.