जत-आटपाडीचा कामाचा दौरा

दूध संकलन केंद्रांवरील फॅट मोजणाऱ्या यंत्रांची देखभाल आणि दुरुस्ती हे माझे काम असून त्यानिमित्ताने सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात वरचेवर जावे लागते. फेब्रुवारीअखेरचा हा दौरा मिरज, कवठे महांकाळ, जत, माडग्याळ, उमदी, आटपाडी, विटा आणि तासगाव असा झाला. बँक, विमा, सौर पंप, सर्वेक्षण अशा कोणत्याही कामासाठी या बाजूला प्रथमच जाणाऱ्यांना उपयोग व्हावा, या हेतूने हा वृत्तांत लिहिला आहे.

सर्वांत आधी मुक्कामाविषयी सांगतो, कारण नवखा माणूस बहुधा तेथेच अडतो. सांगलीहून जत नव्वदएक किलोमीटर आहे आणि मिरजेपासून नागजपर्यंतचा महामार्ग आता उत्तम झाला आहे. त्यामुळे सांगलीत राहून रोज ये-जा करावी, असा बेत कार्यालयात बसून सहज आखला जातो. परंतु येथील गावांचा दिवस दुधाच्या वेळांनी बांधलेला असतो. पहाटेपासून साडेआठपर्यंत सकाळचे आणि दिवस मावळल्यावर संध्याकाळचे संकलन चालते, आणि यंत्राचा दोष प्रत्यक्ष दूध येत असतानाच कळतो. सकाळच्या रांगेत उभे राहून बिघाड ओळखायचा, दुपारी यंत्र उघडायचे आणि संध्याकाळच्या दुधावर ते तपासून द्यायचे, असा हा क्रम असल्यामुळे मुक्काम तालुक्याच्या गावीच करणे भाग पडते. ज्यांचा दुधाशी संबंध नाही त्यांनाही हेच सुचवीन. दहा ते पाच या वेळेत शेतकरी रानात असतो, आणि ज्याची सही किंवा माहिती हवी तो माणूस सकाळी किंवा संध्याकाळी डेअरीच्या कट्ट्यावर हमखास भेटतो.

सांगलीहून निघताना भडंगाचे दोन पुडे बरोबर घ्यावेत. लसूण, शेंगदाणे आणि तिखट मसाला लावलेले हे चुरमुरे पिशवीचे तोंड घट्ट बांधल्यास आठवडाभर कुरकुरीत राहतात, आणि जतच्या पुढे दुपारी तीन वाजता भूक लागल्यास त्यांच्याइतका भरवशाचा सोबती नाही. मिरजेहून पंढरपूरकडे जाणाऱ्या रेल्वेचा मोह मात्र पडू देऊ नये. १९२७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी मिरजेपर्यंत आली, पुढे तो मार्ग रुंद झाला, आणि त्यावर जत रोड नावाचे स्थानकही आहे. पण ते जत गावापासून इतके दूर आहे की उतरल्यावर नवा प्रवास सुरू करावा लागतो. एसटीनेच जावे. नागज फाट्यावर गुहागर-विजापूर महामार्ग मिळतो आणि तेथून जत, भिवघाट, कवठे महांकाळ या तिन्ही बाजूंना जाता येते, त्यामुळे गाडी चुकल्यास वाट पाहण्यासाठी हाच फाटा बरा. चहाची टपरी आणि सावली दोन्ही आहेत.

कवठे महांकाळ ते नागज या टप्प्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्याच्या दोन्ही अंगांना बेदाण्याची शेडे भरलेली दिसतात. केंद्रावरचे काम दुपारी आटोपल्यामुळे त्यांपैकी एका शेडवर जाऊन ते काम नीट पाहता आले. कॅरेटमधून आलेली द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढतात. त्यामुळे मण्यावरचा मेणचट थर सुटतो आणि आतले पाणी लवकर उडते. मग ती शेडमधील जाळ्यांच्या थरांवर हाताने सारखी पसरतात, आणि साधारण पंधरवड्यात चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. वरच्या जाळीवर चढलेली बाई खालच्या मुलाला ‘एका जागी ढीग करू नको, काळा पडतो’ असे सांगत होती. मालाच्या भावाचे सगळे गणित त्या एका वाक्यात होते. शेडवर मूठभर बेदाणा आग्रहाने हातावर ठेवला जातो. नुकताच उतरलेला, अजून किंचित मऊ असलेला तो बेदाणा दुकानातल्या बेदाण्यापेक्षा फार निराळा लागतो. या बेदाण्याला सांगलीच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. घरी न्यायचा असल्यास शेडवर मागू नये, कारण प्रतवारी आणि निवडणी पुढे व्हायची असते, तासगावात घ्यावा.

जतला पोहोचेपर्यंत द्राक्षबागा विरळ होतात आणि माळ सुरू होतो. जत हा क्षेत्रफळाने जिल्ह्यातील सर्वांत मोठा तालुका, पूर्वीचे डफळ्यांचे संस्थान, आणि पाण्याच्या बाबतीत कायमचा उपाशी. म्हैसाळ योजनेचे कृष्णेचे पाणी काही भागात पोहोचले आहे, पूर्वेकडील बऱ्याच गावांना त्याची वाट पाहावी लागली आहे, आणि २०२२ च्या अखेरीस सीमाभागातील गावांच्या कर्नाटकात जाण्याचा प्रश्न वर्तमानपत्रांतून गाजला तेव्हाही मुळाशी पाणीच होते. माझ्या कामाला हे पाणी फार जवळून भिडते. अल्ट्रासॉनिक यंत्र दुधातून ध्वनिलहरी सोडून फॅट आणि एसएनएफ (फॅट वगळून दुधातले बाकीचे घन पदार्थ) काढते, आणि प्रत्येक संकलनानंतर त्याची नळी पाण्याने धुवावी लागते. बोअरच्या जड पाण्याने धुतल्यास आत क्षार आणि दुधाचा खडा मिळून एक पांढरा, नखाने न निघणारा थर बसतो. मग यंत्र चार दिवस फॅट जास्त दाखवते, पाचव्या दिवशी कमी दाखवते, आणि रांगेत भांडण उभे राहते. गाईच्या दुधाचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरत असल्याने एका पॉइंटचा, म्हणजे ०.१ चा, फरकही वर्षाकाठी कुटुंबाला जाणवतो, म्हणून त्या भांडणाला कोणी क्षुल्लक समजू नये. यावर उपाय साधा आहे. धुण्यासाठी आरओचे किंवा पावसाचे साठवलेले पाणी वापरावे, आठवड्यातून एकदा आम्लाचे द्रावण फिरवावे, आणि नुकत्याच काढलेल्या दुधाचा फेस बसल्याशिवाय नमुना लावू नये, कारण हवेचे बुडबुडे यंत्राला फसवतात. शंका राहिल्यास आम्लाने फॅट वेगळा करून मोजण्याची जुनी गर्बर पद्धत आहेच: १० मिली सल्फ्युरिक आम्ल, १०.७५ मिली दूध, १ मिली अमाइल अल्कोहोल. बुटीरोमीटर, म्हणजे खुणा केलेली काचेची नळी, यंत्रात फिरवून आलेला आकडा सगळे मान्य करतात, अगदी ज्याचा फॅट कमी लागला तोसुद्धा.

जतच्या पूर्वेला माडग्याळ, संख, उमदी या बाजूस कन्नड सर्रास बोलली जाते. केंद्राचा चालक मराठीत हिशेब लिहितो आणि रांगेतील म्हातारीशी कन्नडमध्ये बोलतो. बाहेरून आलेल्या माणसाला मराठीवर अडत नाही. येथे मिस्त्री किंवा साहेब म्हणून हाक मारली जाते आणि आपण वडीलधाऱ्यांना अण्णा म्हटले की काम हलके होते. उमदीच्या केंद्रावर दुपारी यंत्र उघडून बसलो असता चालकाच्या आईने ‘ऊट आयता?’ (जेवण झाले का?) म्हणून विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता ताट आणून ठेवले. शाळूची पातळ भाकरी, शेंगदाण्याची लाल चटणी, त्यावर तेलाची धार, घट्ट दही, फोडलेला कांदा आणि वांग्याची कोरडी भाजी एवढेच त्यात होते. भाकरीचा पापुद्रा अखंड सुटत होता आणि चटणी खलबत्त्यात कुटलेली असल्याने तिला दाण्याचे तेल सुटले होते. अशा जेवणाचे पैसे विचारू नयेत. तो अपमान समजला जातो. पुढच्या खेपेस मुलांसाठी खाऊ न्यावा, म्हणजे देणेघेणे सरळ राहते.

विकत घेण्यासारख्या दोन गोष्टी या बाजूस आहेत. तीळ लावून वाळवलेली कडक भाकरी अनेक दिवस टिकते आणि दह्यात किंवा आमटीत मोडून खाल्ल्यास मुक्कामाच्या रात्री लॉजवर जेवणाची सोय होते. दुसरी शेंगापोळी, जी विजापूर-सोलापूरकडून या पट्ट्यात आली आहे. ती तूप घालून खावी, कोरडी खाल्ल्यास घशाशी बसते. मांसाहार करणाऱ्यांना माडग्याळच्या मटणाचे वर्णन ऐकायला मिळेलच. लांब मानेची, बाकदार नाकाची, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके असलेली ही मेंढी येथील अभिमानाचा विषय असून तिच्या जातिवंत नराची किंमत ऐकून शहरी माणूस दचकतो. ढाब्यावरच्या फलकावर लिहिलेले सगळेच मटण माडग्याळी असते, यावर मात्र माझा विश्वास नाही.

गावांतून फिरण्यासाठी एसटी आणि वडाप (माणसे भरून नेणारी खासगी गाडी) हीच साधने आहेत. मुक्कामी गाडी रात्री गावात थांबते आणि पहाटे तालुक्याकडे निघते, म्हणून लांबच्या गावाचे काम संध्याकाळी संपणार असेल तर मुक्काम गावात करून त्याच गाडीने परतावे. दुपारची गाडी वेळेवर येईल असे धरून चालू नये. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे भाडे झाल्यापासून बाजारच्या दिवशी गाड्या ओसंडून वाहतात, आणि हे चांगलेच झाले आहे, कारण पूर्वी घरी राहणाऱ्या बायका आता स्वतः माल घेऊन बाजारात बसतात. यंत्राची पेटी बरोबर असेल तर त्या दिवशी वडाप करावी आणि पुढच्या सीटचे पैसे आधीच ठरवावेत. रोख रक्कम जवळ ठेवावी, कारण स्कॅन करण्याचा फलक सगळीकडे लटकलेला असला तरी रेंज नसली की तो शोभेचाच राहतो. उन्हाळा फेब्रुवारीतच सुरू होत असल्याने पाण्याची मोठी बाटली सोडू नये.

आटपाडीला जाण्यासाठी जतहून मागे नागजला येऊन भिवघाटमार्गे करगणीवरून गेलो. आटपाडीत शनिवारी बाजार भरतो आणि शेळ्या-मेंढ्यांच्या खरेदीसाठी लांबून व्यापारी येतात, त्यामुळे शुक्रवारी रात्री लॉजवर खोली मिळणे कठीण जाते. शक्य असल्यास बाजार गाठूनच जावे, पण खोली आधी सांगून ठेवावी. बाजारात व्यवहार पहाटेच सुरू होतो आणि ऊन चढेपर्यंत मोठे सौदे उरकलेले असतात. डाळिंबाचा हा प्रमुख तालुका असून निर्यातीच्या प्रतवारीत केवळ साल डागाळली म्हणून मागे पडलेली भगवा जातीची फळे येथे बऱ्याच कमी भावात मिळतात. दाणे तितकेच लाल आणि गोड असतात. चिरलेले फळ मात्र घेऊ नये. वेळ असल्यास स्वतंत्रपूर पाहावे. औंध संस्थानाने १९३९ मध्ये सुरू केलेली कैद्यांची ही खुली वसाहत, जेथे कैदी कुटुंबासह राहून शेती करतात, गावापासून जवळच आहे. आत जाण्यासाठी परवानगी लागते, आणि कामाच्या गडबडीत ती मिळवणे जमत नाही. बाहेरून शेती दिसते.

आटपाडीच्या केंद्रावर यंत्रापेक्षा विजेने जास्त वेळ घेतला. अर्थिंग नीट नसल्याने आकडे उड्या मारत होते, आणि बाहेर खड्डा खणून मीठ-कोळसा घालून नवी पट्टी पुरेपर्यंत दुपार गेली. या भागात यंत्र बसविणाऱ्या प्रत्येकाने आधी अर्थिंग मोजावे आणि स्टॅबिलायझर बरोबर न्यावा, कारण सुटा भाग सांगलीहून मागवला तर दोन संकलने हातची जातात.

विट्यात थांबण्याचे कारण केवळ एक केंद्र होते. गलाईच्या म्हणजे सोन्याचांदीच्या शुद्धीकरणाच्या व्यवसायासाठी या तालुक्यातील माणसे देशभर पसरलेली असल्याने गावात मोठी घरे पुष्कळ आहेत, त्यांतील बरीच वर्षातून यात्रेपुरती उघडतात. बस स्थानकाजवळ अख्खा मसूर आणि भाकरी चांगली मिळते. मसूर तव्यावरून उतरल्याबरोबर खावा. थंड झाल्यावर तेल वर येते आणि चव उतरते.

तासगावात दुपारी पोहोचल्यास गणपती मंदिराचे सात मजली गोपुर पाहून घ्यावे. परशुरामभाऊ पटवर्धनांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधविलेले हे दक्षिणी धाटणीचे गोपुर आपल्या मुलखात अनपेक्षित वाटते. बेदाणा घेण्यासाठी बाजार समितीच्या परिसरातील दुकाने बरी. हिरवा, पिवळा आणि काळा असे प्रकार समोर ठेवतील. त्यात मणी एकसारखे, देठ काढलेले आणि मुठीत दाबल्यावर न चिकटणारे पाहून घ्यावेत. अति चकचकीत पिवळा बेदाणा गंधकाची धुरी जास्त दिलेला असू शकतो, तेव्हा वास घेऊन मगच पैसे द्यावेत. उन्हाळ्यात तो घरी फ्रिजमध्येच ठेवावा, बाहेर ठेवल्यास रंग काळवंडतो. तासगावहून सांगलीला संध्याकाळी उशिरापर्यंत गाड्या असतात, त्यामुळे येथील केंद्राचे काम दौऱ्याच्या शेवटी ठेवावे. संध्याकाळचे संकलन तपासूनही रात्री घरी पोहोचता येते.